जरबेचा प्रशिक्षक आणि विदर्भाचा संघ

वर्षानुवर्षे हरत आलेला संघ जेव्हा एखाद्या कडक, प्रसंगी तापट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाच्या हाती सोपवला जातो, तेव्हा त्या निर्णयात संघाच्या चालकांची एक कबुली असते, ती अशी की खेळाडूंच्या अंगी गुण आहेत, परंतु त्या गुणांना वळण लावणारा आणि वेळप्रसंगी कान धरणारा कोणी आजवर मिळालेला नाही. अशा नेमणुका जगभर होतात आणि त्यांतील बहुतेक दोन-तीन हंगामांत विसरल्याही जातात. काही मोजक्या मात्र त्या संघाचा इतिहास बदलतात. मराठी मुलखात या प्रकारचे सर्वांत ठसठशीत उदाहरण विदर्भाच्या क्रिकेट संघाचे आहे. २०१७-१८ च्या हंगामासाठी चंद्रकांत पंडित यांना प्रशिक्षक नेमल्यावर या संघाने लागोपाठ दोन वेळा रणजी करंडक जिंकला. भंडारा जिल्हा ज्या क्रिकेट संघटनेच्या कक्षेत येतो तीच ही संघटना असल्याने, येथील वाचकांसाठी हा घरचाच विषय आहे. त्यातून जो प्रश्न उभा राहतो तो मात्र केवळ क्रिकेटचा नाही. जरब नेमकी कशामुळे फळते, आणि तिच्या मर्यादा कोठे सुरू होतात, असा तो प्रश्न आहे.

तापट संघचालकाची प्रतिमा जगात सर्वाधिक रुजली ती अमेरिकेतील बेसबॉल या खेळात, आणि त्याचे कारण त्या खेळाच्या रचनेतच आहे. बेसबॉलमध्ये प्रत्येक बाजूचे नऊ खेळाडू असतात. कोणी कितव्या क्रमांकावर फलंदाजी करावी, चेंडू फेकणारा खेळाडू, म्हणजे पिचर, थकला आहे असे समजून त्याला केव्हा बदलावे, आणि ऐन वेळी राखीव फलंदाज पुढे करावा की नाही, हे सारे निर्णय मैदानाच्या कडेला बसलेला मॅनेजर घेतो. एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात पुन्हा येऊ शकत नसल्याने प्रत्येक बदल कायमचा ठरतो. मॅनेजर खेळाडूंसारखाच गणवेश घालतो, खेळ थांबवून पिचरपर्यंत चालत जातो, आणि पंचांचा निर्णय पटला नाही तर मैदानात उतरून त्यांच्याशी वादही घालतो. हा वाद हाताबाहेर गेला की पंच त्याला मैदानाबाहेर काढतात. अमेरिकेतील प्रमुख स्पर्धेत प्रत्येक संघ एका हंगामात १६२ साखळी सामने खेळत असल्याने हा माणूस जवळजवळ सहा महिने रोज लोकांच्या नजरेसमोर असतो. तेथे मॅनेजरचा संताप हा खेळाचाच एक भाग मानला जातो, तो याच कारणाने.

शिकागोच्या व्हाइट सॉक्स या संघाने २००३ च्या नोव्हेंबरमध्ये ऑझी गियेन यांना मॅनेजर नेमले, तेव्हा त्यांनी त्यापूर्वी कोणताही प्रमुख संघ सांभाळलेला नव्हता. व्हेनेझुएलात जन्मलेले गियेन याच संघाचे माजी खेळाडू होते आणि तोंडाने फटकळ म्हणून सर्वांना ठाऊक होते. त्यांच्या दुसऱ्याच हंगामात, म्हणजे २००५ मध्ये, व्हाइट सॉक्सने ९९ साखळी सामने जिंकले आणि पुढे वर्ल्ड सिरीज, म्हणजे त्या स्पर्धेची अंतिम मालिका, ह्यूस्टनच्या संघाविरुद्ध एकही सामना न गमावता ४-० अशी खिशात टाकली. त्या संघाने यापूर्वीचे विजेतेपद १९१७ मध्ये मिळवले होते. गियेन यांच्या फटकळपणाचा उत्तरार्धही येथेच नोंदवला पाहिजे. २०१२ मध्ये ते मायामीच्या संघाकडे गेले. त्या शहरात क्यूबातून परागंदा झालेल्या कुटुंबांची मोठी वस्ती आहे, आणि तेथे बसून फिडेल कॅस्ट्रो यांच्याविषयी कौतुकाचे उद्गार काढल्याने त्यांना पाच सामन्यांसाठी निलंबित व्हावे लागले. संघ गटात तळाला राहिला आणि हंगाम संपताच त्यांची नोकरीही गेली. एकाच माणसाचा एकच स्वभाव एका शहरात दोन हंगामांत दंतकथा झाला आणि दुसऱ्या शहरात एका वर्षात ओझे झाला, हे विदर्भाकडे वळताना लक्षात ठेवण्यासारखे आहे.

क्रिकेटमध्ये प्रशिक्षकाला असा उघड अधिकार मुळीच नसतो. नाणेफेक झाल्यानंतर मैदानावरचा प्रत्येक निर्णय कर्णधाराचा असतो. गोलंदाज कोणता आणावा, क्षेत्ररक्षण कसे लावावे आणि डाव केव्हा घोषित करावा, हे तोच ठरवतो, आणि प्रशिक्षकाला उपाहाराच्या वेळेत किंवा राखीव खेळाडूमार्फत पाठवलेल्या निरोपापलीकडे हस्तक्षेप करता येत नाही. त्यामुळे क्रिकेटमधील कडक प्रशिक्षकाची सारी कडकाई सामन्याआधी खर्ची पडते. सरावाच्या जाळ्यात, शिबिरात, संघाच्या बैठकीत आणि संघनिवडीच्या चर्चेत तो जे काही घडवतो, तेच पुढे चार-पाच दिवस कर्णधाराच्या हातून वठते. म्हणून अशा प्रशिक्षकाचे मोजमाप करताना तो किती ओरडतो याला महत्त्व नसून, तो नसताना खेळाडू काय करतात हे पाहावे लागते.

विदर्भाची क्रिकेटव्यवस्था नागपूरकेंद्री आहे. विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या कक्षेत अकरा जिल्हे येतात. त्यांत पूर्वेकडील भंडारा हा धानाचा, तलावांचा आणि वैनगंगेच्या काठचा जिल्हा असून त्याचे मुख्य ठिकाण नागपूरपासून सुमारे साठ किलोमीटरवर आहे. तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी हे त्याचे उर्वरित तालुके आहेत. लाखांदूरकडच्या मुलाला नागपूर गाठण्यासाठी शंभर किलोमीटरहून अधिक अंतर तोडावे लागते, आणि संघटनेचे मोठे स्टेडियम ज्या जामठ्याला आहे ते तर नागपूरच्याही पलीकडे, वर्धा मार्गावर आहे. शहरातील क्लबांची गुझदर लीग ही तेथील जुनी स्पर्धा, आणि नागपूरबाहेरच्या खेळाडूला नजरेत भरायचे तर जिल्हा संघ आणि वयोगटांचे संघ हाच सर्वसाधारण रस्ता होय. या रस्त्याने यवतमाळचा अक्षय कर्णेवार, जो दोन्ही हातांनी फिरकी टाकतो, आणि अकोल्याचे काही खेळाडू विदर्भाच्या मुख्य संघापर्यंत पोहोचले. खाणकामगारांच्या वस्तीत वाढलेला उमेश यादव तर भारताच्या कसोटी संघात गेला.

तरीही संघ म्हणून विदर्भाची अवस्था बराच काळ केविलवाणी होती. रणजी करंडक ही भारतातील राज्य आणि विभागीय संघटनांची प्रथम श्रेणीची, म्हणजे अनेक दिवस चालणाऱ्या सामन्यांची, मुख्य स्पर्धा असून ती १९३४-३५ मध्ये सुरू झाली. आरंभी नागपूरचा संघ मध्य प्रांत आणि वऱ्हाड या नावाने खेळत असे, आणि विदर्भ या नावाने तो १९५७-५८ पासून उतरू लागला. त्यानंतरच्या साठ वर्षांत तो एकदाही अंतिम सामन्यात पोहोचला नव्हता. एखादा बलाढ्य संघ नागपूरला आला की प्रेक्षक पाहुण्यांची फलंदाजी पाहायला जमत, यात फारशी अतिशयोक्ती नाही.

बदल एका दिवसात झाला नाही, आणि पंडित यांच्या वाट्याला सगळेच श्रेय देणे अन्यायाचे ठरेल. जामठ्याचे स्टेडियम २००८ मध्ये वापरात आले, संघटनेने अकादमी उभारली, आणि भारताकडून खेळलेले वेगवान गोलंदाज सुब्रतो बॅनर्जी यांच्यासारखा जाणकार तेथील तरुण गोलंदाजांना लाभला. त्याचबरोबर संघाने बाहेरचे अनुभवी खेळाडू आणले. रणजी स्पर्धेत प्रत्येक संघाला आपल्या प्रदेशाबाहेरचे मोजके खेळाडू मानधन देऊन घेता येतात आणि त्यांना व्यावसायिक खेळाडू म्हटले जाते. तामिळनाडूचे एस. बद्रीनाथ, कर्नाटकचे गणेश सतीश आणि मुंबईचे वसीम जाफर हे या मार्गाने विदर्भात आले. पारस म्हांब्रे प्रशिक्षक आणि बद्रीनाथ कर्णधार असताना संघाने २०१४-१५ आणि २०१५-१६ या दोन्ही हंगामांत उपांत्यपूर्व फेरी गाठली होती. म्हणजे नांगरणी आणि चिखलणी झालेली होती. रोवणीला हात घालणारा माणूस हवा होता.

चंद्रकांत पंडित यांचा जन्म १९६१ चा, मुंबईचा. यष्टिरक्षक आणि फलंदाज म्हणून ते भारताकडून ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने खेळले, आणि १९८७ च्या विश्वचषकात वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध गमावलेल्या उपांत्य सामन्यातही ते संघात होते. मुंबईच्या क्रिकेटमध्ये खेळपट्टीवर ठाण मांडून बसणाऱ्या, प्रतिस्पर्ध्याला काहीही फुकट न देणाऱ्या वृत्तीला खडूसपणा म्हणतात आणि तो दोष मानत नाहीत. पंडित हे त्या वृत्तीतच घडले. कारकिर्दीच्या उत्तरार्धात ते मध्य प्रदेशाकडे गेले आणि त्यांच्या नेतृत्वाखालील तो संघ १९९८-९९ च्या अंतिम सामन्यात बंगळूरला कर्नाटकाकडून हरला. पुढे मुंबईचे प्रशिक्षकपद मिळाल्यावर मुंबईने २००२-०३ आणि २००३-०४ असे लागोपाठ दोन रणजी करंडक जिंकले. बेसबॉलच्या परिभाषेत बोलायचे तर पहिल्याच खेपेचा मॅनेजर लागोपाठ दोनदा विजेता झाला. ते मुंबईकडे परतल्यानंतर २०१५-१६ चाही करंडक मुंबईला मिळाला.

त्यानंतरचा प्रसंग विदर्भाच्या दृष्टीने निर्णायक आहे. २०१७ च्या जानेवारीत इंदूरच्या होळकर स्टेडियमवर मुंबईचा संघ अंतिम सामन्यात गुजरातकडून हरला, आणि आदल्या वर्षीचे विजेतेपद जमेस असूनही मुंबईने प्रशिक्षक बदलला. तोवर एकेचाळीस वेळा करंडक जिंकलेल्या संघात उपविजेतेपद हे अपयश ठरते, आणि ज्या प्रदेशाने अंतिम सामनाच पाहिलेला नाही तेथे हाच माणूस सोन्याच्या मोलाचा ठरतो. विदर्भ क्रिकेट असोसिएशनने ही संधी साधली. पंडित यांच्या नेमणुकीत लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की ते जेथे जातात तेथे कामाची मोकळीक मागून घेतात, आणि विदर्भाच्या चालकांनी ती दिली. कडक माणूस नेमायचा आणि पहिल्या तक्रारीसरशी त्याचे हात बांधायचे, ही आपल्याकडील संस्थांची जुनी खोड आहे. ती येथे आड आली नाही याचे श्रेय संघटनेला द्यायलाच हवे.

पंडित यांच्या पद्धतीविषयी क्रीडापत्रकारांनी आणि त्यांच्या हाताखाली खेळलेल्यांनी जे वेळोवेळी सांगितले आहे, त्यातून एक सुसंगत चित्र उभे राहते. वेळेच्या बाबतीत सूट नाही, ज्येष्ठ आणि नवखा असा भेद नाही, आणि चूक झाली तर ती सर्वांसमोर सांगितली जाते. शिबिरे लांबलचक असतात, आणि प्रसंगी खेळाडूंना अवेळी सरावासाठी बोलावले जाते, कारण सामन्यात कठीण प्रसंग वेळ सांगून येत नाही अशी त्यामागची धारणा आहे. परंतु या जरबेच्या जोडीला एक गोष्ट असते, जिच्याकडे वरवर पाहणाऱ्यांचे दुर्लक्ष होते. प्रत्येक खेळाडूला त्याचे काम नेमून दिलेले असते. सातव्या क्रमांकावरच्या फलंदाजाने किती वेळ उभे राहायचे, दुसऱ्या टप्प्यातल्या गोलंदाजाने धावा रोखायच्या की बळी शोधायचा, हे आधी ठरलेले असल्याने रागावणे हे व्यक्तीवर न राहता कामावर राहते. ज्याला आपले काम ठाऊक आहे त्याला बोलणी खाताना ती कशासाठी खाल्ली हेही ठाऊक असते, आणि नुसत्या आरडाओरडीत हेच नेमके गायब असते.

या पद्धतीला पूरक असा कर्णधार विदर्भाला फैज फजलच्या रूपाने मिळाला. नागपूरचाच हा डावखुरा सलामीवीर शांत वृत्तीचा होता, आणि २०१७-१८ च्या हंगामात त्याने ९१२ धावा करून प्रशिक्षकाच्या शब्दाला मैदानावर वजन मिळवून दिले. दुसरीकडे वसीम जाफर होता. कसोटी क्रिकेट खेळून आलेला, चाळिशीकडे झुकलेला हा फलंदाज सरावात कोणतीही सवलत मागत नाही असे दिसल्यावर वीस-बावीस वर्षांच्या पोरांना कुरकुर करायला जागाच उरली नाही. कडक प्रशिक्षकाला संघातील सर्वांत मोठ्या खेळाडूची साथ नसेल तर त्याची शिस्त केवळ दुबळ्यांवर चालते आणि संघ आतून फुटतो, ही गोष्ट जगातल्या अनेक संघांच्या बाबतीत घडलेली आहे.

उपांत्यपूर्व फेरीत केरळला ४१२ धावांनी हरवल्यानंतर विदर्भाची गाठ कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर बलाढ्य कर्नाटकाशी पडली, आणि या सामन्याकडे थोडे जवळून पाहणे आवश्यक आहे, कारण पंडित यांच्या शिकवणीची खरी परीक्षा तेथे झाली. विदर्भाचा पहिला डाव १८५ धावांत आटोपला आणि कर्नाटकाने ३०१ धावा करून ११६ धावांची आघाडी घेतली. जुना विदर्भ येथेच खचला असता. या संघाने दुसऱ्या डावात ३१३ धावा उभारल्या. त्यांत ८१ धावा गणेश सतीशच्या होत्या, म्हणजे ज्या कर्नाटकातून तो बाहेर पडला होता त्याच कर्नाटकाविरुद्ध केलेल्या. कर्नाटकासमोर १९८ धावांचे लक्ष्य राहिले आणि चौथ्या दिवसअखेर त्यांची अवस्था ७ बाद १११ झाली. पाचव्या दिवशी सकाळी मात्र कर्नाटकाच्या तळाच्या फलंदाजांनी किल्ला लढवला, ८७ धावांचे अंतर झपाट्याने कमी होत गेले, आणि एका क्षणी सामना विदर्भाच्या हातून निसटल्यासारखा झाला. अशा वेळी रजनीश गुरबानी हा स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेला, फारसा वेग नसलेला पण चेंडू उशिरा वळवणारा गोलंदाज एकाच टप्प्यावर मारा करीत राहिला आणि उरलेले तिन्ही बळी त्यानेच मिळवले. कर्नाटकाचा डाव १९२ धावांवर संपला. विदर्भाने ५ धावांनी सामना जिंकला, आणि गुरबानीच्या नावावर सामन्यात १२ बळी लागले.

अंतिम सामना २९ डिसेंबर २०१७ पासून दिल्लीविरुद्ध होता आणि तो इंदूरच्या त्याच होळकर स्टेडियमवर होता, जेथे अकरा महिन्यांपूर्वी पंडित मुंबईसह पराभूत झाले होते. दिल्लीच्या संघात गौतम गंभीर होता आणि ऋषभ पंत कर्णधार होता. ध्रुव शोरीच्या १४५ धावांच्या बळावर दिल्लीने २९५ धावा केल्या. गुरबानीने ५९ धावांत ६ बळी घेतले, त्यांत लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन फलंदाज त्रिफळाचीत करण्याची, म्हणजे हॅट्ट्रिकची, कामगिरी होती. रणजीच्या अंतिम सामन्यात अशी कामगिरी त्यापूर्वी केवळ एकदा, १९७२-७३ मध्ये तामिळनाडूच्या कल्याणसुंदरम यांनी केली होती. विदर्भाच्या डावात जाफरने ७८ आणि फजलने ६७ धावा केल्या, पण सामना दिल्लीपासून दूर नेला तो यष्टिरक्षक अक्षय वाडकरने, ज्याने १३३ धावांची खेळी केली. त्याला आदित्य सरवटेच्या ७९ धावांची आणि चिवट राहिलेल्या शेपटाची साथ मिळाली, आणि धावसंख्या ५४७ पर्यंत गेली. तळाच्या फलंदाजालाही काम नेमून देण्याची जी पद्धत वर सांगितली तिचे याहून चांगले प्रात्यक्षिक सापडणार नाही. १ जानेवारी २०१८ रोजी, चौथ्याच दिवशी, विदर्भ ९ गडी राखून विजयी झाला.

पुढच्या हंगामात हे यश योगायोगाचे नव्हते हे सिद्ध झाले. जाफरने १०३७ धावा केल्या, उपांत्य सामन्यात वायनाडच्या खेळपट्टीवर उमेश यादवने केरळची दाणादाण उडवली, आणि २०१९ च्या फेब्रुवारीत जामठ्यावर झालेल्या अंतिम सामन्यात विदर्भाने सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवले. त्या सामन्यात डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटे याने ११ बळी घेतले, आणि चेतेश्वर पुजारा याला दोन्ही डावांत मिळून केवळ एक धाव करता आली. त्यानंतर इराणी करंडकही, म्हणजे रणजी विजेता आणि शेष भारत यांच्यातील सामन्याचा चषक, सलग दुसऱ्यांदा विदर्भाकडेच राहिला, आणि त्याच्या बक्षिसाची रक्कम संघाने पुलवामा येथे हुतात्मा झालेल्या जवानांच्या कुटुंबीयांना दिली.

पंडित २०२० मध्ये मध्य प्रदेशाकडे गेले. २०२२ च्या जूनमध्ये बंगळूरच्या ज्या मैदानावर कर्णधार म्हणून ते हरले होते तेथेच त्यांच्या संघाने मुंबईला नमवून करंडक जिंकला. प्रशिक्षक म्हणून हा त्यांचा सहावा रणजी करंडक होता. यानंतर ते आयपीएलमध्ये कोलकाता नाइट रायडर्सचे प्रशिक्षक झाले, आणि येथे त्यांच्या पद्धतीचा दुसरा चेहरा दिसला. आयपीएलचा हंगाम सुमारे दोन महिन्यांचा असतो, आणि अनेक खेळाडू जगभरच्या स्पर्धांतून फिरून आलेले, आपापल्या सवयी पक्क्या झालेले असतात. त्यांतील काही परदेशी खेळाडूंना ही लष्करी शिस्त रुचली नाही, आणि नामिबियाच्या डेव्हिड व्हीजा याने पुढे ते उघडपणे सांगितले. २०२४ मध्ये त्या संघाने विजेतेपद मिळवले हे खरे, परंतु तेव्हा गौतम गंभीर मार्गदर्शक म्हणून सोबत असल्याने श्रेय वाटले गेले, आणि २०२५ च्या आठव्या क्रमांकानंतर संघ व पंडित वेगळे झाले. घडायचे वय असलेली मुले, सहा-आठ महिन्यांची सलग शिबिरे आणि संघटनेचा पाठिंबा, या तिन्ही गोष्टी विदर्भात आणि मध्य प्रदेशात होत्या. आयपीएलमध्ये त्यांतली एकही पूर्णपणे नव्हती. याउलट केनियाच्या संघाला २००३ च्या विश्वचषकात उपांत्य फेरीपर्यंत नेणारे संदीप पाटील हेही मुंबईचेच, पण खेळकर स्वभावाचे. तेव्हा कडकपणा हा यशाचा एकमेव मार्ग आहे असे कोणी समजू नये.

भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात या विषयाचे महत्त्व अधिक जपून मांडावे लागते. धानाची कापणी झाली की रिकाम्या बांध्यांत टेनिस बॉलचे सामने रंगतात. धुऱ्याला लागलेला चेंडू चौकार धरतात, आणि मंडईच्या दिवसांत गावोगावच्या संघांना मोठी गर्दी लाभते. या पोरांच्या हातात ताकद आणि नजरेत चपळाई असते, पण चामडी चेंडू, चांगली खेळपट्टी आणि जाणता प्रशिक्षक यांची गाठ पडेपर्यंत वयोगटाच्या निवडीची वेळ निघून गेलेली असते. बेसबॉल आणि सॉफ्टबॉल हे खेळही शालेय क्रीडास्पर्धांच्या यादीत आहेत, आणि जिल्हा पातळीवर शारीरिक शिक्षणाचा शिक्षकच त्या संघाचा मॅनेजर, प्रशिक्षक आणि पालक असा तिन्ही होतो. अशा माणसाने पंडित यांच्या यशाकडे पाहून फक्त राग उचलला तर घात होतो. व्यावसायिक खेळाडूला पटले नाही तर तो दुसऱ्या संघात जाऊ शकतो. साकोलीच्या आश्रमशाळेतील किंवा तुमसरच्या हायस्कुलातील चौदा वर्षांच्या मुलाला अशी वाट नसते, आणि चारचौघांत झालेल्या अपमानानंतर तो बोलत नाही, नुसता मैदानावर यायचे थांबतो. म्हणून वय जितके कमी तितका आवाज कमी आणि काम नेमून देणे अधिक, असाच क्रम असायला हवा, आणि ज्या संस्था प्रशिक्षकाला मोकळीक देतात त्यांनीच मुलांची तक्रार ऐकण्याची सोयही ठेवायला हवी. मार किंवा अपमान हा शिस्तीचा भाग नव्हे, हे येथे ठामपणे सांगणे आवश्यक आहे.

पंडित गेल्यानंतर विदर्भाचे काय झाले, हा त्यांच्या कामाच्या मूल्यमापनातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. काही हंगाम चाचपडल्यावर संघाची सूत्रे उस्मान गनी यांच्याकडे आली. ते बाहेरून आणलेले नामांकित प्रशिक्षक नव्हेत, विदर्भाच्याच क्रिकेटमध्ये वाढलेले माजी खेळाडू आहेत, आणि त्यांची ख्याती तापटपणाची नाही. २०२४ च्या मार्चमध्ये विदर्भ अंतिम सामन्यात मुंबईकडून वानखेडेवर हरला. पुढच्याच हंगामात हर्ष दुबे या तरुण फिरकीपटूने ६९ बळी घेऊन रणजीच्या एका हंगामातील बळींचा नवा विक्रम केला, यश राठोडने ९६० धावा केल्या, आणि जामठ्यावरच्या अंतिम सामन्यात दानिश मालेवारने १५३ धावांची खेळी केली. विदर्भाच्या ३७९ धावांना केरळने ३४२ धावांनी उत्तर दिले. पाच दिवसांत सामना निकाली न झाल्यास पहिल्या डावातील आघाडीवर विजेता ठरतो या नियमाप्रमाणे २०२५ च्या मार्चमध्ये विदर्भ तिसऱ्यांदा विजेता झाला.

त्या सामन्यातील माणसांची अदलाबदल नोंदण्यासारखी आहे. इंदूरला दिल्लीसाठी १४५ धावा करणारा ध्रुव शोरी आता विदर्भाकडून सलामीला येत होता, तर २०१९ च्या अंतिम सामन्यात ११ बळी घेणारा आदित्य सरवटे केरळकडून खेळत होता आणि त्याने ७९ धावा करून आपल्याच जुन्या संघाला घाम फोडला. विदर्भाचा कर्णधार होता अक्षय वाडकर, ज्याने पंडित यांच्या पहिल्या हंगामात होळकर स्टेडियमवर १३३ धावा केल्या होत्या. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये नागपूरलाच झालेल्या इराणी करंडकाच्या सामन्यात वाडकरच्याच नेतृत्वाखाली विदर्भाने शेष भारताला ९३ धावांनी हरवले.